तीन बोटांचा आस

आमच्या आत्याच्या डाव्या हाताची तीन बोटं मच्छीमार सोसायटीच्या नियमात लिहिलेली आहेत. थट्टा करत नाहीये. नियम क्रमांक चार, जसाच्या तसा सांगते: 'तळ्यात टाकायच्या कोणत्याही जाळ्याच्या आसातून, जाळी विणणाऱ्या बाईंची तीन बोटं सहज गेली पाहिजेत.' आस म्हणजे जाळ्याचं भोक. खाली शिक्का आणि शेजारी चेअरमनची सही, ती कुणालाच वाचता येत नाही.

हा नियम झाला तेव्हा मी सहा-सात वर्षांची होते. तळं पार रिकामं झालं होतं. ज्याच्या हाताला जे लागेल ते पाण्यात टाकत होता, एका बहाद्दराने तर मच्छरदाणी टाकली होती. बोटभर पिल्लंसुद्धा सुटेनात. मग सगळ्यांना अक्कल आली आणि सोसायटी निघाली. पहिल्याच बैठकीत वाद लागला की जाळ्याचा आस केवढा असावा. कुणी म्हणे दोन इंच, कुणी म्हणे पाच सेंटिमीटर, कुणी म्हणे अंगठा जाईल एवढा. अंगठा कुणाचा, यावरून तासभर आरडाओरडा. चहा तीनदा झाला. आत्या दाराशी बसून विणत होती, कारण रिकाम्या हाताने बसणं तिला जमतच नाही. मान वर न करता ती म्हणाली, "मी या तीन बोटांवर विणते. यातून सुटतो तो पोर असतो. सुटू द्या की त्याला. मोठा झाला की येईलच, जातोय कुठे?"

चेअरमन म्हणाले, "हं, हं," आणि लिहून टाकलं. ते प्रत्येक वाक्याला आधी दोनदा 'हं' म्हणतात, म्हणून सगळा काठ त्यांना मागे हंहं म्हणतो. तोंडावर अर्थातच चेअरमनसाहेब.

तेव्हापासून तळ्यावरच्या तीस होड्यांची जाळी आत्याच विणते. बाहेरचं जाळं चालत नाही. तिची खोली म्हणजे एक खिडकी, एक चूल, भिंतीला तीन खिळे. मधल्या खिळ्याला जाळं अडकवलेलं, आणि ती खाली पाय पसरून बसलेली. डाव्या हाताची तीन बोटं जोडून धरायची, दोरा त्यावरून घ्यायचा, लाकडी सुई वरच्या आसातून ओवायची, गाठ ओढायची, बोटं काढून घ्यायची. झाला एक आस. मला शिकवायचा तिने फार प्रयत्न केला. माझ्या गाठी सुटायच्या नाहीतर इतक्या आवळायच्या की दोरा तुटायचा. ती म्हणायची, "अगं, गाठ मारतेस का कुणाचा गळा?"

कारण मी तापट आहे. हे आधीच सांगून टाकते. पुढे मी जे केलं ते सगळं या तापटपणातून केलं, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

मला आणि माझ्या धाकट्या भावाला आत्यानेच वाढवलं. आई तापात गेली. बाप कामाला म्हणून लांब गेला तो गेलाच. आत्याचं तेव्हा नुकतंच लग्न ठरलं होतं, ते आमच्यामुळे बारगळलं. त्या लग्नातली एक पितळी अंगठी तेवढी तिच्याकडे राहिली, ती उजव्या हातात घालते. 'परत मागायला कुणी आलं नाही, मग फेकून कशाला द्या,' एवढंच तिचं त्यावर म्हणणं. आम्हा दोघांना समोर बसवून ती वाढायची. मोठा तुकडा धाकट्याला, डोक्याकडचा मला, कारण मला डोकं आवडतं. "आणि तुझं ताट?" असं विचारलं की म्हणायची, "मी आधीच खाल्लं. करता करता खाल्लं." लहानपणी आम्हाला वाटायचं, आत्या काय मजेत आहे, सगळ्यांच्या आधी जेवते.

माझं लग्न झालं तेव्हा मी दोन गल्ल्या पलीकडे गेले. धाकटा तिच्याजवळच राहिला, त्याचंही लग्न झालं, दोन मुली झाल्या. मला काठावरच्या शेडमध्ये काट्यावर काम मिळालं. सकाळी होड्या लागल्या की मासा तोलायचा, पट्टीवर ठेवून लांबी बघायची, मग वाटप. आधी शाळेच्या स्वयंपाकघराचे टब, मग दवाखान्याचे, मग घरोघरचे. शाळेतल्या निम्म्या मुलांच्या पोटात दिवसभरात जो काही धड घास जातो तो आमच्या तळ्यातला, हे मी काही मोठेपणा म्हणून सांगत नाही. शाळेत स्वयंपाक माझी भावजयच करते. तिला माहीत आहे कुठलं पोर दोनदा वाढून घेतं आणि का.

काट्यावर लागले त्या दिवशी आत्या आली होती. माझा डावा हात धरून तिने आपल्या हाताला लावला, तळव्याला तळवा, बोटाला बोट. "बघ," म्हणाली, "तुझी बोटं माझ्याएवढी झाली. तंतोतंत. उद्या मी नसले तर जाळी तुझ्या बोटांवर विणतील." मी म्हटलं, "नसले म्हणजे? कुठे जाणार आहेस? आणि माझ्या गाठी सुटतात." ती हसली. तेवढंच झालं, मी विसरूनही गेले.

आता तीन-साडेतीन वर्षांपूर्वीची गोष्ट. एका वर्षी पाणी फार आटलं आणि मासा कमी आला. कमी आला तर आला, असं होतं अधूनमधून. पुढच्या वर्षी पाणी परत भरलं. मासा मात्र भरेना. आणि जो येत होता तो लहान. आधी वाटलं, माझी नजर. मग पट्टीवर बघते तर दर महिन्याला थोडा थोडा कमीच. पूर्वी शाळेच्या टबात चाळीस मासे मावायचे, आता नव्वद मावायला लागले. ऐकायला बरं वाटतं, पण नव्वद म्हणजे नुसते काटे. भावजय एके दिवशी टब घेऊन परत आली. शांत बाई ती, पण त्या दिवशी तिने टब माझ्यासमोर आपटला.

"वन्सं, हे मासे आहेत का टाचण्या? पहिलीतल्या पोराच्या घशात काटा अडकला आज. मी रस्सा गाळून वाढला शेवटी. मासा बघायचा आणि पाणी प्यायचं असं झालंय पोरांचं."

माझं डोकं फिरलं. बारीक जाळं टाकतंय कुणीतरी! चोरून. दुसरं काय असणार? पोर मासा धरला की तो अंडी घालायच्या आधीच संपतो. आणखी दोन वर्षं असं चाललं तर तळं पुन्हा रिकामं, आणि शाळेतल्या पोरांच्या ताटात काय, पट्टी? मी पाळत ठेवली. कुठल्या होडीचा मासा किती बारीक, ते रोज बघायला लागले. आठ दिवसांत कळलं, सगळ्यात बारीक मासा कुणाचा येतो ते.

धाकट्याचा.

आपलाच धाकटा. पण राग त्याहून मोठा. मी त्याला शेडच्या मागे गाठलं आणि विचारलं, "दुसरं जाळं कुठे लपवलंयस?"

तो माझ्याकडे बघतच राहिला. "ताई, काय बोलतेस? माझं एकच जाळं आहे. आत्यानेच दिलंय दोन महिन्यांपूर्वी. नवंकोरं आहे."

"मग बारीक मासा तुझाच कसा येतो?"

"मला काय माहीत! तळ्याला विचार."

"घरात दोन मुली आहेत तुझ्या. त्यांच्या तोंडचं काढतोयस तू."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी जन्मात विसरणार नाही. मग निघून गेला. मी तिथेच थांबायला हवं होतं. थांबले नाही. तडक हंहंकडे गेले आणि तक्रार दिली. सख्ख्या भावाची. मला वाटलं, बघा मी कशी नि:पक्षपाती! मूर्ख.

बारीक जाळ्याची शिक्षा सगळ्यांना माहीत आहे. होडी वर्षभर उलटी, आणि माणूस सोसायटीतून बाहेर. धाकट्याला दुसरं काहीच येत नाही. पाण्यावर जन्म गेलाय त्याचा. वर्षभर होडी उलटी म्हणजे ते घर उघड्यावर.

दुसऱ्या दिवशी होड्या लागल्यावर शेडमध्येच बैठक भरली. धाकट्याने जाळं आणून टेबलावर टाकलं. भावजय शाळेतून धावत आली होती, तिच्या हाताला पीठ होतं. आत्याला बोलावलं. नियम तिच्या बोटांचा, तपासायचं पण तिनेच. ती आली, नेहमीसारखी पदराने हात पुसत. वाटेत तिला कुणीतरी सांगितलं होतं. तिने ना माझ्याकडे पाहिलं, ना त्याच्याकडे. जाळं हातात घेतलं, एक आस ताणला, तीन बोटं घातली. सहज गेली. दुसरा आस. सहज. दहा ठिकाणी बघितलं.

"पास आहे," ती म्हणाली.

चेअरमन म्हणाले, "हं, हं. पास आहे तर मग प्रश्न मिटला."

"मिटला कसा?" मी उठले. "मासा कुठून येतो मग? दुसरं जाळं आहे त्याच्याकडे. घर बघा, होडी बघा."

धाकटा तेव्हा पहिल्यांदा बोलला. ओरडला नाही. "ताई, तुझा माझ्यावर विश्वास नाही, ठीक आहे. आत्याच्या बोटांवर तरी आहे का? का तीही माझ्या बाजूची? मग तूच बघ बोटं घालून. ये."

मी तणतणत गेले, जाळं ओढलं, आस ताणला आणि बोटं घातली.

अडकली.

पेरापाशी येऊन अडकली. मी ढकलली, दोरा कातडीत रुतला. दुसरा आस, तेच. मागून कुणीतरी म्हणालं, "काट्यावर बसून मासे खाल्ले की असंच होतं!" शेडमध्ये हशा पिकला. मीही क्षणभर ओशाळले. एकही बाळंतपण न होताच मी जाड झाले की काय?

आणि मग आठवलं. तळव्याला तळवा. तंतोतंत.

"आत्या, हात दे," मी म्हटलं.

"कशाला?"

"दे गं."

तिने दिला. मी माझा हात तिच्या हाताला लावला. लांबी तीच. पण तिची बोटं माझ्या बोटांच्या आत बसली, दोन्हीकडून माझीच दिसत राहिली. तिन्ही बोटांचा मिळून अर्ध्या बोटाचा फरक. तिचा हात मी किती वर्षांत धरला नव्हता, कोण जाणे. कातडी आणि हाडं, मध्ये काही नाहीच. मग तिच्या उजव्या हाताकडे नजर गेली. पितळी अंगठीला निळा नायलॉनचा दोरा गुंडाळला होता, जाळ्याचाच. बरेच वेढे होते.

"हा दोरा कधीपासून?"

"अगं, सैल झाली अंगठी. जुनी आहे ना, ताणली असेल."

"पितळ ताणतं होय, आत्या?"

चेअरमन उठले, बाहेर गेले आणि आपलं जाळं घेऊन आले. आठ वर्षांपूर्वीचं, ठिगळं लावलेलं. आता ते होडीवर फारसे जात नाहीत, म्हणून टिकलं होतं. "बाई, यात घाला बघू." आत्याने बोटं घातली. ती आत नुसती डुलत होती, शेजारी माझी करंगळी मावली असती. मग मी माझी घातली. नीट बसली, सहज गेली.

आत्याला सगळ्यांच्या आधी समजलं. ती टेबलाच्या कडेला धरून हळूच खाली बसली.

"म्हणजे मीच," ती म्हणाली. "दोन वर्षं मीच बारीक विणतेय. तळं मी रिकामं केलं."

धाकटा तिच्याजवळ जाऊन उकिडवा बसला. "तू का बारीक झालीस पण? आजारी आहेस? बोलत का नाहीस?"

"आजारी कशाला असेन? चांगली धडधाकट आहे."

"त्या जेवत नाहीत." हे भावजय बोलली. पीठ लागलेले हात पोटाशी घट्ट धरून उभी होती. "आत्याबाई म्हणतात, मी आधीच खाल्लं. त्यांचं ताट रोज घासून फळीवर असतं. मी शाळेतून आले की बघते. घासलेलं असतं, पण ओलं कधीच नसतं. मला दिसत होतं. मला वाटलं, असेल, लवकर जेवत असतील, वाळत असेल." तिला हुंदका आला. "मी पोरांना दुसऱ्यांदा वाढते ना शाळेत, मला कळायला हवं होतं."

आत्या खाली बघून म्हणाली, "मासा कमी आला त्या वर्षी. मुली वाढीच्या आहेत. याला दिवसभर जाळं ओढायचं. मी काय, बसून तर असते. बसणाऱ्याला किती लागतं?"

चेअरमननी चष्मा काढला. या वेळी ते 'हं' म्हणाले नाहीत. टेबलावर बोटाने गोल काढत सावकाश म्हणाले, "मासा कमी, म्हणून बाई जेवल्या नाहीत. जेवल्या नाहीत, म्हणून बोटं बारीक. बोटं बारीक, म्हणून आस बारीक. आस बारीक, म्हणून पोर मासा अडकला. म्हणून मासा आणखी कमी." त्यांचं बोट पुन्हा पहिल्या जागी आलं. "आणि आम्ही चोर शोधत बसलो."

सगळ्यात नवं जाळं धाकट्याचं, म्हणून सगळ्यात बारीक मासा त्याचा. एवढं साधं होतं. मी रोज मासा मोजत होते, मिलिमीटरपर्यंत. आत्याला रोज बघत होते आणि मोजलं नव्हतं.

मी तिथेच, सगळ्यांच्या देखत, धाकट्याचे पाय धरायला वाकले. त्याने मला मध्येच धरलं. "ए, नाटकं नकोत," म्हणाला. पण त्याचे डोळे भरले होते. "चोर म्हणालीस मला तू."

"म्हणाले."

"परत म्हणशील?"

"तापट आहे रे मी. पण परत नाही."

"बरं," तो म्हणाला, आणि माझ्या डोक्यात एक टपली मारली. मोठ्या बहिणीला! मी ती निमूट खाल्ली.

त्या दिवशी बैठक लांबली. दोन वर्षांत विणलेली सगळी जाळी काढून घ्यायची ठरली. तळं एक हंगाम बंद, मासा अंडी घालून निवांत वाढू दे. मग तोवर खायचं काय? शाळेचं काय? बांधाखाली जुना डबकेवजा तलाव होता, तो साफ करून पिल्लं सोडायची, कोंडा आणि पेंड घालून वाढवायची. पण पिल्लं राखायला कुंपण हवं. तेव्हा आत्याने मान वर केली.

"ती जाळी लावा," म्हणाली. "बारीक आहेत ना? दुहेरी लावली की पिल्लू जाणार नाही. माझं चुकलेलं कशाला तरी उपयोगी पडू दे."

तीस होड्यांच्या माणसांनी आठ दिवसांत ते कुंपण उभं केलं. पोर मासा ज्या जाळ्यात मरत होता, त्याच जाळ्यात तो वाढायला लागला.

आता विणायचं कशाच्या मापाने, यावर चेअरमन लोखंडी पट्टी करू म्हणाले. मला वाटलं आत्या दुखावेल. ती म्हणाली, "करा. पट्टीला भूक लागत नाही. तिच्यावर विणते." जुन्या जाळ्याच्या मापाने पट्टी कापली. पण नियम चार खोडला नाही. चेअरमन म्हणाले, "बोटं राहू द्या. बोटं आपलीच आहेत." आणि खाली चार-अ लिहिला. तोही जसाच्या तसा सांगते: 'जाळी विणणाऱ्या बाई रोज दुपारी शेडमध्ये सर्वांसमोर जेवतील.' शिक्का, सही.

आत्या भडकली. मी तिला इतकी भडकलेली कधी पाहिली नव्हती. मला वाटायचं माझा तापटपणा बापाकडून आलाय, तर नाही, तो इथूनच आलाय. "मी काय लहान आहे? मी काय तुमचं तळं आहे, राखण करायला?"

"हं, हं," चेअरमन म्हणाले. "तळंच आहात."

पहिल्या दिवशी तिने चार घास खाल्ले आणि ताट सरकवलं. एवढ्या लोकांसमोर घशाखाली उतरत नाही म्हणाली. मी म्हटलं, "आत्या, मी काट्यावर बसते. ताट तोलून घेईन आणि परत तोलेन." ती म्हणाली, "मेले, तुला हेच शिकवलं का मी?" पण आणखी दोन घास खाल्ले. दवाखान्यात नेलं, डॉक्टरांनी तपासलं. रोग काही नाही, नुसती उपासमार, अंगात रक्त नाही. डॉक्टर मला म्हणाले, "घरात खायला नाही का?" मी मान खाली घातली. घरात होतं, डॉक्टर. ताटात नव्हतं.

सगळ्यांच्या घरून पाळी लागली. आज याच्याकडचा भात, उद्या त्याच्याकडची भाजी. बांधाखालचा मासा तयार व्हायला लागला तसा एक तुकडा तिचा. धाकट्याच्या मुली दुपारी शाळा सुटली की धावत येऊन विचारायच्या, "आत्याआजी, ताट ओलं आहे का?" ती ताट उलटं धरून दाखवायची, पाणी टपकायचं. मुली टाळ्या वाजवायच्या. तिला त्याची लाज वाटायची आणि गंमतही.

सगळी बारीक जाळी कुंपणाला गेली, एक सोडून. धाकट्याचं ते जाळं मी शेडच्या भिंतीवर खिळ्याला टांगलं. दर महिन्याच्या एक तारखेला आत्याने त्यात बोटं घालायची. पहिल्या महिन्यात सहज गेली. दुसऱ्यातही गेली. "पास," ती म्हणायची, आणि आमची तोंडं पडायची. जन्मात कधी कुणी पास होण्याचं एवढं दुःख केलं नसेल. चौथ्या महिन्यात अंगठीचे दोन वेढे कमी झाले. मी मोजले होते. पाचव्यात तिला सर्दी झाली, परत एक वेढा वाढला. धाकटा तिच्यावर ओरडला, मग स्वतःच रडकुंडीला आला. मी त्याला म्हटलं, "आता तू तापट झालास बघ." सहाव्या महिन्यात ती स्वतःच म्हणाली, "एवढी आस लावून बसू नका रे." धाकटा म्हणाला, "आसच तर मोजतोय." ती म्हणाली, "ती आस वेगळी, हा आस वेगळा, गाढवा." आणि जरा घट्ट गेली बोटं, पण गेली.

मध्ये तळं उघडलं. मासा पूर्वीसारखा झालेला नाही अजून, खोटं कशाला सांगू. पण शाळेच्या टबात आता साठ मावतात, नव्वद नाही, आणि भावजय टब आपटत नाही.

मग गेल्या महिन्याची एक तारीख. होड्या लागून गेल्या होत्या, मी काटा धूत होते. आत्या आली, पदराने हात पुसले, खिळ्यावरच्या जाळ्याचा आस ताणला, बोटं घातली. मी पाठमोरी होते. 'पास' ऐकू येईल म्हणून थांबले. आवाज आला नाही. वळून बघते तर ती जाळ्यापाशी तशीच उभी, हात वर, बोटं पेरापर्यंत आत. आत जाईनात, आणि घाबरून बाहेरही येईनात.

"अगं," ती म्हणाली, "अडकली."

"काय?"

"बोटं अडकली गं माझी."

मी केवढ्याने किंचाळले ते पलीकडच्या काठावर ऐकू गेलं असेल. धाकटा होडी टाकून पळत आला, त्याला वाटलं काटा माझ्या पायावर पडला. "नापास!" मी ओरडत होते. "तुझं जाळं नापास झालं, मेल्या!" तो जाळ्याकडे बघतोय, आत्याकडे बघतोय, आणि मग त्या अडकलेल्या हाताला दोन्ही हातांनी धरून तो तिथेच रडायला लागला, एवढा बाप्या. आत्या हसत होती आणि डोळे पुसायला तिच्याकडे एकच हात मोकळा होता. त्या हातातल्या अंगठीला दोरा नव्हता. मला कधी कळलंच नाही, तिने तो केव्हा काढून टाकला.

चेअरमन आले. हं, हं म्हणाले. वही उघडली आणि तारीख घालून लिहिलं, 'जाळं नापास.' खाली सही केली, ती अजूनही वाचता येत नाही.

आम्ही दोघांनी मिळून आत्याची बोटं सोडवली. पेरांवर दोऱ्याच्या लाल खुणा उठल्या होत्या. ती त्या खुणा जरा वेळ चोळत बसली, मग शेडमधल्या आपल्या जागेवर गेली, पाय पसरले, आणि माझ्याकडे बघून म्हणाली. आमच्या आख्ख्या आयुष्यात हे तिच्या तोंडून मी ऐकलं नव्हतं.

"भूक लागली गं. वाढ मला."